रॉड्रिग्ज: ओहोटीच्या वेळेवर चालणारं बेट

शुक्रवार

मॉरिशसहून निघालेलं पंख्यांचं छोटं विमान दीडेक तास नुसत्या निळ्या समुद्रावरून उडत राहतं. मग खिडकीखाली फेसाची लांबलचक पांढरी रेघ दिसते आणि रेघेच्या आतलं पाणी एकदम फिकट हिरवं होतं. ती रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत. तिच्या आतलं उथळ पाणी, ज्याला इथे लगून म्हणतात, सुमारे २४० चौरस किलोमीटर आहे आणि बेट आहे जेमतेम १०८. माझी मावशी खिडकीशी बसली होती. तिचं सगळं आयुष्य हर्णैच्या आसपास गेलेलं, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न होता, "एवढ्या उथळ पाण्यात होड्या चालवतात कशा गं?" उत्तर आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळालं: लहान होड्या, आणि त्या वल्ह्यापेक्षा लांब बांबूने तळाला रेटत न्यायच्या.

रॉड्रिग्ज हा मॉरिशस देशाचाच भाग. मुख्य बेटापासून पूर्वेला सहाशेक किलोमीटरवर, आणि २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा असलेला. आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, मॉरिशसला उतरल्यावर शिक्का मिळतो. येताना मॉरिशसमध्ये थांबलो तेव्हा तिथल्या मराठी कुटुंबांशी गप्पा झाल्या. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे हे वंशज. गणेशचतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. रॉड्रिग्जमध्ये मात्र असं काही शोधायला जाऊ नये. डोंगराळ, कोरड्या, वाऱ्याने झोडपलेल्या या जमिनीवर उसाचे मोठे मळे कधी उभे राहिले नाहीत, म्हणून भारतातून मजुरांची जहाजंही इकडे आली नाहीत. इथली बहुतेक माणसं आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. बोली क्रिओल, धर्म बहुतेकांचा कॅथलिक. एकाच देशात एवढा फरक, आणि तो उसामुळे पडलेला.

आम्ही उतरलो होतो बेटाच्या कण्यावर, माँ ल्यूबँ गावाजवळच्या एका घरात. घरमालकीणबाईंनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या. सकाळ-संध्याकाळचं जेवण त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच कुटुंबाबरोबर. आम्ही त्यांना मादाम म्हणायचो. माझं मोडकंतोडकं फ्रेंच आणि मावशीचे हातवारे, एवढ्यावर सगळं निभावलं. रात्री जेवताना मादामनी उद्याचा बेत ऐकून घेतला आणि भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाली, "चतुर्थीच्या आसपास आहोत. सकाळी ओहोटी असणार." तक्ताही तेच म्हणत होता. चंद्र सगळीकडे एकच, याचा तिला फार आनंद झाला.

शनिवार

शनिवारी पोर्ट माथुरिनचा बाजार. बुधवारीही भरतो, पण खरा मोठा शनिवारचा. वरच्या गावांतून बाया अंधार असतानाच माल घेऊन उतरतात आणि नऊ-दहाच्या सुमाराला निम्मी दुकानं आवरलेली असतात. आम्ही पहिल्या बसने गेलो. बसमध्ये टोपल्या, कोंबड्या, शाळेतली पोरं आणि मोठ्या आवाजात वाजणारं संगीत. चढणारा प्रत्येक जण आत येताना सगळ्यांना मिळून एकदा "बोंझूर" म्हणतो आणि सगळी बस उत्तर देते. दुसऱ्या थांब्यापासून आम्हीही उत्तर द्यायला लागलो.

बाजार लहान आहे, पण त्यात हे बेट काय पिकवतं ते सगळं समोर मांडलेलं असतं. मका, लाल घेवडा, लहान लहान रसरशीत लिंबं, कांदे, मध, आणि बरण्यांमध्ये व्हिनेगरात मुरवलेल्या इवल्याशा मिरच्या. या मिरच्यांसाठी आणि लिंबांसाठी मॉरिशसचे लोक विमानाने येताना यादी घेऊन येतात. मावशीने चव घेण्यासाठी मागितली, बाईने काडीच्या टोकावर कणभर दिली आणि दोघी एकमेकींकडे बघत थांबल्या. मावशीने डोळ्यांत पाणी न आणता मान डोलावली तेव्हा आजूबाजूच्या चार-पाच विक्रेत्या टाळ्या वाजवून हसल्या. दोन बरण्या घेतल्या.

त्या बरण्या ठेवायला पिशवी मागितली तर मिळाली नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१४ पासून बंदी आहे, मुख्य मॉरिशसच्याही आधीपासून, आणि ती खरोखर पाळली जाते. बाजारभर मी एकही पिशवी पाहिली नाही. त्याऐवजी टोपल्या. केवड्याच्या जातीतल्या झाडाची पानं चिरून, उकळून, वाळवून विणलेल्या टोपल्या आणि हॅट. मावशीने एक हॅट नाकाशी नेली आणि म्हणाली, "हा वाळा आहे." खरंच वाळा होता. डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून जो लावतात, त्यातूनच या हॅट विणतात. विणणाऱ्या बाईला मी विचारलं, एक हॅट व्हायला किती वेळ लागतो? तिने खांदे उडवले. घरातली कामं झाली की विणते, म्हणाली.

बाजार आटपून बंदराच्या बाजूला चहा घेतला. पोर्ट माथुरिन म्हणजे समांतर जाणारे चार-दोन रस्ते, त्यांवर लाकडी खांबांचे व्हरांडे आणि पत्र्याची छपरं असलेली काही जुनी घरं. या एवढ्याशा गावाच्या नावावर एक विलक्षण नोंद आहे. ऑगस्ट १८८३ मध्ये इथल्या पोलिसप्रमुखाने, जेम्स वॉलिसने, पूर्वेकडून लांबवर तोफा डागल्यासारखे आवाज येत असल्याचं लिहून ठेवलं. एखादं जहाज संकटात असावं असा सगळ्यांचा समज झाला. तो आवाज होता क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटाचा, इंडोनेशियातून, सुमारे ४,८०० किलोमीटरवरून आलेला. बंदरावर उभं राहून पूर्वेला बघितलं की हे अंतर अंगावर येतं, कारण मधे खरोखर काहीच नाही. जमीन नाही, दिवा नाही, नुसतं पाणी.

पुन्हा वर माँ ल्यूबँला, आणि तिथून सँ गाब्रिएल गावाच्या दिशेने पायी. कण्यावरचा हा रस्ता मला बेटावरचा सगळ्यात आवडलेला. एका बाजूला उत्तरेचा समुद्र, दुसऱ्या बाजूला दक्षिणेचा, आणि वाऱ्याला कुठेच अडसर नाही. सगळ्यात उंच टोक, माँ लिमाँ, ३९८ मीटरचं. पंधरा-वीस मिनिटांत चढून होतं. घरं लहान, गुलाबी, निळी, पिवळी रंगवलेली, छपरं बहुतेक सपाट सिमेंटची. चक्रीवादळं पत्रे उडवून नेतात म्हणून. प्रत्येक छपरावर पाण्याची टाकी, कारण पाण्याचं इथे फार दुर्भिक्ष आहे. नळाला पाणी रोज येत नाही. आम्ही गेलो ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे कोरड्या ऋतूच्या शेवटी, आणि मादामच्या घरी भांडी विसळलेलं पाणी मिरचीच्या वाफ्यात जाताना आम्ही पाहिलं होतं. घरांच्या कडेने गुलमोहर पेटलेले. आपल्याकडे मे महिन्यात फुलणारा गुलमोहर इथे नाताळच्या तोंडावर फुलतो. त्याचं मूळ घर मादागास्कर, इथून पश्चिमेला. तेव्हा खरा पाहुणा तो आपल्याकडेच.

सँ गाब्रिएलचं चर्च गावाच्या आकाराच्या मानाने केवढं तरी मोठं आहे. १९३० च्या दशकात ते गावकऱ्यांनी स्वतः उभारलं. वाळू किनाऱ्यावरून, दगड खाणीतून, प्रवाळ लगूनमधून. आणि हे सगळं डोंगर चढून वर आणलं ते माणसांनी, बहुतेक पायी. त्यात बायका आणि मुलंही होती. आत गेलो तेव्हा दोन मुली बाकं पुसत होत्या, दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेसाठी. मावशी भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिली. "डोक्यावरून आणलंय सगळं," एवढंच म्हणाली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, घराचा चिरा असाच वाहिला होता.

तिथून मागे येऊन दक्षिणेकडे उतरणारा रस्ता धरला. खाली पोर स्यूद-एस्तपर्यंत हा रस्ता वळणं घेत जातो, आणि एका वळणावर सगळं दक्षिणेचं लगून एकदम समोर उघडतं. उथळ जागी दुधाळ, खोल जागी निळं, मधून नागमोडी गेलेल्या गडद वाटा. खूप लांबवर फेसाची भिंत आणि तिचा अखंड घुमणारा आवाज. आणि त्या हिरव्या पाण्यात, किनाऱ्यापासून कितीतरी आत, उभी माणसं. ठिपक्यांएवढी. कमरेत वाकलेली, हळूहळू सरकणारी.

त्या ऑक्टोपस पकडणाऱ्या बायका होत्या. आम्ही खाली पोचलो तेव्हा ओहोटी सरून पाणी चढायला लागलं होतं आणि त्या एकेक करून परतत होत्या. पायात जाड बूट, डोक्यावर रुंद हॅट, अंगात लांब बाह्यांचे दोन-दोन शर्ट, हातात लोखंडी टोकाची लांब काठी. कुणाच्या टोपलीत, कुणाच्या तारेत ओवलेले ऑक्टोपस. रॉड्रिग्जमध्ये हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांचं. पुरुष होड्या घेऊन जाळी टाकतात. बायका ओहोटीला चालत जातात.

एक बाई दगडावर बसून बूट काढत होत्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. मावशी सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि मला म्हणाली, "विचार त्यांना, बिळातला ओळखतात कसा." मी विचारलं. त्यांनी वाळूवर काठीने काढून दाखवलं. ऑक्टोपस बिळाच्या तोंडाशी खाल्लेल्या शिंपल्यांचा आणि खेकड्यांच्या कवचांचा कचरा टाकतो. दगड नीट रचून ठेवतो. आसपासच्या वाळूचा रंग वेगळा दिसतो. पाण्यावर ऊन चमकत असताना हे सगळं वरून ओळखायचं, आणि काठी नेमकी घालायची. चुकली तर तो शाई सोडून आत सरकतो. मावशीने तिच्याकडे खडपात कालवं कशी फोडतात ते हातांनी करून दाखवलं. मग पाऊण तास त्या दोघी बोलत होत्या. मी मध्ये मध्ये एखादा शब्द पुरवत होते, पण त्यांना माझी फार गरज नव्हती.

त्या गप्पांतली एक गोष्ट इथे सविस्तर लिहायलाच हवी. पूर्वी इथे वर्षभर ऑक्टोपस पकडत. माणसं वाढली, मागणी वाढली, आणि टोपल्यांत येणारे ऑक्टोपस लहान होत गेले. लहान लहानही सोडेनात. शिवाय रोज शेकडो पावलं प्रवाळावर पडत होती, दगड उलटले जात होते. शेवटी २०१२ मध्ये बेटाच्या सरकारने दोन महिन्यांची बंदी घातली, ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्या काळात या बायकांना रोजंदारीची दुसरी कामं दिली गेली: किनारा साफ करणं, झाडं लावणं. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढतो आणि त्याचं सगळं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं. मादी अंडी घातली की न खातापिता त्यांची राखण करते आणि ती फुटली की मरते. अशा प्राण्याला दोन महिने मोकळे मिळाले तर वजनात मोठा फरक पडतो, आणि अंड्यांवर बसलेली मादी काठीतून वाचते. बंदी उठल्यावर पहिल्याच वर्षी भरघोस ऑक्टोपस मिळाले. तेव्हापासून ती दरवर्षी चालू आहे.

बाईंना मी विचारलं, सुरुवातीला राग आला नव्हता का? आला होता, म्हणाल्या. घरात मुलं शाळेत जाणारी, आणि कुणीतरी येऊन सांगतं पाण्यात पाय टाकू नका. मग बंदी उठली त्या दिवशी सगळं गाव पाण्यात उतरलं, आणि त्यांनी दोन्ही हात लांब करून ऑक्टोपसचा आकार दाखवला. मी हे मराठीत सांगण्याआधीच मावशीने ओळखलं. आपल्याकडे जून-जुलैत बोटी शाकारतात त्यामागे हाच विचार आहे, फरक एवढाच की आपल्याकडे वादळी समुद्रही तुम्हाला घरी बसवतो. इथे शांत, गुडघाभर, दाराशी आलेलं पाणी असतं, पलीकडे ऑक्टोपस आहे हे माहीत असतं आणि तरी जायचं नसतं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. माणसं मोठ्या संख्येने, गरज असताना, एकमेकांवर विश्वास ठेवून थांबतात हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

जेवण तिथल्याच एका घरगुती खानावळीत झालं. ऑक्टोपसचं सुकं, कच्च्या पपईबरोबर शिजवलेलं. पपईने मांस मऊ पडतं, हे आपल्यालाही ठाऊक. सोबत भात, लाल घेवड्याची आमटी, आणि लिंबू-मिरचीचं वाटण. आधी लिंबू पिळलेल्या ऑक्टोपसची कोशिंबीरही आली, कांदा घालून. मावशीने सुक्याची कृती लिहून घेतली.

दुपारी किनाऱ्याने रिव्हिएर कोकोपर्यंत चालत गेलो. घाई कुठेच नव्हती. एका बाजूला सुरूची झाडं, दुसरीकडे दगडी बांध घातलेले मक्याचे तुकडे, त्यांत बांधलेल्या गाई आणि मोकळ्या शेळ्या. रिव्हिएर कोकोला घरांसमोर काठ्यांच्या चौकटींवर ऑक्टोपस वाळत टाकलेले होते, आठही पाय पसरून, उन्हात जांभळे-तपकिरी झालेले. वारा आला की सगळी ओळ हलायची, आणि वास अगदी आपल्या बोंबलांच्या वाळवणाचा. मावशी दर चौकटीपाशी थांबून वाळवण किती दिवसांचं आहे याचा अंदाज बांधत होती आणि घरातल्या बायकांना बोटांवर विचारून खात्री करून घेत होती. एका अंगणात आजोबा होडीची फळी बदलत होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, नळाचं नव्हे, माठासारख्या मोठ्या भांड्यात साठवलेलं. अशा गावात दिलेलं पाणी काय किमतीचं असतं हे माहीत होतं, म्हणून थेंब न सांडता प्यायलो.

दुपारनंतर बस विरळ होतात. चारच्या सुमाराला मिळाली तीच धरली.

रात्री मादामचे दीर अकॉर्डियन घेऊन आले. मग ढोल आला, शेजारी आले. इथला सेगा ताम्बूर २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. मळ्यांवरून पळालेल्या गुलामांचं नाचगाणं म्हणून त्याची ओळख आहे. त्यानंतर अकॉर्डियनवर पोल्का, माझुर्का, युरोपातले नाच, पण ठेका पूर्ण इथला. मावशीलाही उठवलं. ती नाचली.

रविवार

सकाळी सगळं बेट प्रार्थनेला. दुकानं बंद, बस थोड्या. आम्ही ग्राव्हिएपर्यंत गाडीने गेलो आणि तिथून किनाऱ्याची पायवाट धरून त्रू दार्जां करत सँ फ्रांस्वापर्यंत चाललो. दोन कड्यांच्या मधली त्रू दार्जांची छोटी पुळण खरोखर देखणी आहे. तिच्याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं असतं, म्हणून इथे आवरतं घेते. पोहायला जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावं.

परतताना मादामच्या मुलाने रस्त्याकडेला जाळीच्या कुंपणातलं एक झाड दाखवलं. बुटकं, पांढऱ्या फुलांचं, बघून काही विशेष वाटू नये असं. हे काफे मारों, कॉफीच्या कुळातलं. नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. १९८० च्या सुमारास शाळेत शिक्षकांनी मुलांना जुन्या झाडांची चित्रं दाखवली, तेव्हा एका मुलाने सांगितलं की असं एक झाड घराजवळ आहे. खरंच होतं, जगातलं शेवटचं. बातमी पसरली तसे औषधासाठी लोक त्याच्या फांद्या तोडून नेऊ लागले, म्हणून कुंपणं घालावी लागली, एकाबाहेर एक. पुढे त्याच्या छाटण्या लंडनच्या क्यू उद्यानात नेऊन जगवल्या. बरीच वर्षं फुलं यायची पण बी धरत नव्हतं. अनेक प्रयोगांनंतर ते धरलं आणि रोपं पुन्हा इथे आली. मादामचा मुलगा हे सांगताना आवाज खाली आणून बोलत होता. शाळेत त्यालाही हेच झाड शिकवलं होतं.

संध्याकाळी अंगणातल्या आंब्यावर वटवाघळं उतरली, सोनेरी मानेची, फक्त याच बेटावर आढळणारी. १९७० च्या दशकात ती शंभराच्याही खाली गेली होती. आता हजारोंनी आहेत. आंबे तीही खातात, माणसंही.

सोमवार

विमान दुपारचं, म्हणून सकाळी विमानतळाच्या बाजूच्या फ्रांस्वा लेगा अभयारण्यात गेलो. १६९१ मध्ये धर्मछळामुळे फ्रान्स सोडलेला लेगा थोड्या साथीदारांसह या निर्जन बेटावर उतरला आणि दोन वर्षं राहिला. त्याने लिहून ठेवलंय की कासवं इतकी होती की त्यांच्या पाठींवर पाय देत शंभर पावलं चालता येईल. न उडणारा सॉलिटेअर पक्षीही त्यानेच पाहिला, डोडोचा जवळचा नातलग. नंतर येणाऱ्या जहाजांनी ताज्या मांसासाठी कासवं हजारोंनी भरून नेली. शंभरेक वर्षांत कासवं संपली. सॉलिटेअरही संपला.

२००७ मध्ये सुरू झालेल्या या अभयारण्यात आता आल्दाब्रा बेटांवरची आणि मादागास्करची कासवं आणून सोडली आहेत आणि इथलीच मूळची झाडं हजारोंनी लावली आहेत. घळीत उतरलं की चहूबाजूंनी कासवं चरताना दिसतात. वाटाड्या मुलीने दाखवलं तसं मावशीने एका मोठ्या कासवाची मान खाजवली, आणि त्याने चारही पायांवर अंग उचलून मान लांब केली. मावशीने मुलीला विचारायला लावलं, पिल्लं किती वर्षं कुंपणात ठेवता? मोठी होईपर्यंत, ती म्हणाली, उंदीर आणि मांजरं आहेत ना. मग तिने आम्हाला पिल्लांच्या जागी नेलं. तळहातावर मावतील एवढी, पाठीवर रंगाने आकडे घातलेले. एकाचा आकडा पुसट झाला होता. मुलीने खिशातून रंगाची बाटली काढली, तो पुन्हा नीट रंगवला, वहीत नोंद केली आणि मग आम्हाला विमानतळाचा जवळचा रस्ता सांगितला.